चार छत्र्या, एक पिन

पांढुर्ण्याला परत आल्यापासून माझ्याकडे सगळ्यात जास्त काय येत असेल तर ब्लाऊजपीस. सुलभाबाई अमेरिकेत शिवणकाम करायच्या, एवढं गल्लीत कळलं आणि बायका दारात यायला लागल्या. मी सांगते, अहो, मी पॅराशूट शिवायची. त्यावर उत्तर ठरलेलं असतं, "मंग ब्लाऊज तं सोपाच झाला ना तुम्हाले." एकीला भिडेखातर दोन शिवून दिले. काही दिवसांनी ती ते परत घेऊन आली, बाह्या दंडात शिरत नव्हत्या. "इतकं मोठ्ठं कापड शिवून शिवून हात बिघडला तुमचा," असं सुनावून गेली, आणि खरं सांगायचं तर तिचं बरोबर होतं.

तेव्हा या अंकात नोकरीबद्दल लिहा असं संपादकबाई म्हणाल्या, तर माझं पहिलं उत्तर असं की माझ्या नोकरीत लिहिण्यासारखं काही नाही. सरळ टीप घालायची आणि गप्प बसायचं. फक्त त्या टिपेच्या आधाराने चार माणसं आकाशातून समुद्रात उतरतात, म्हणून थोडं जपून घालायची.

मी मूळची सौसरची, दिली पांढुर्ण्यात. सौसरला शिवणाचा क्लास केला होता. आमचे हे कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. दीर आधीच अमेरिकेत होते, त्यांनी बोलावून घेतलं. हे तिकडे ट्रक दुरुस्तीच्या गॅरेजात लागले आणि मी पॅराशूटच्या कारखान्यात. आधी हौसेने विमानातून उड्या मारणाऱ्यांची पॅराशूट शिवली. पुढे अंतराळात माणसं नेऊन परत आणणाऱ्या एका खासगी कंपनीचं काम आमच्या हॉलमध्ये आलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. तसं मी सही करून कबूल केलं आहे, आणि माझा स्वभाव भित्रा आहे.

लोक रॉकेट वर जाताना बघतात. आग, धूर, टाळ्या. खाली येताना कोणी बघत नाही, कारण तोवर जेवायची वेळ झालेली असते. पण आमचं सगळं काम खाली येण्याचं होतं. पांढुर्ण्याच्या बायकांना हे समजावून सांगावं लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव नदीच्या दोन्ही काठांवरून एकमेकांवर दगड फेकतात, ती आमची गोटमार. नवरा नदीवर गेला याचं घरी कोणाला कौतुक नसतं. संध्याकाळी डोकं शाबूत ठेवून परत आला का, एवढंच बघतात. हे मी एकदा माझ्या साहेबीणबाईंना, म्हणजे रोझाला, सांगितलं. रोझा मेक्सिकोहून आलेली, माझ्याहून थोडी मोठी, हॉलची मुख्य. तिने विचारलं, हेल्मेट घालतात का? मी म्हटलं, नाही. त्यानंतर सुरक्षिततेच्या दर व्याख्यानाला तिने मला पहिल्या रांगेत बसवलं.

हे शिवणकाम कसं असतं ते थोडक्यात सांगते. घरच्या शिवणात निम्मा वेळ उसवण्यात जातो. आमच्याकडे उसवायला बंदी होती. सुईचं एक भोक पडलं की कापड तेवढं कमजोर झालं, तेच उसवून पुन्हा शिवलं की दुप्पट कमजोर. टीप चुकली तर हात वर करायचा, तपासनीस येणार, बघणार, डोकं हलवणार, आणि बहुतेक वेळा तो अख्खा पट्टा बाद. शिवून झालेली छत्री मैदानाएवढी पसरते. मग ती घडी घालून यंत्राने दाबत दाबत लाकडासारखी घट्ट करतात. जिनिंगमध्ये कापसाची गाठ दाबताना ज्याने पाहिलं असेल त्याला हे कळेल. आमच्या ह्यांनी ते यंत्र पाहिलं तेव्हा म्हणाले, "एवढ्यासाठी अमेरिकेत यायची काय गरज होती?"

आता पिनेकडे येते, कारण सगळी गोष्ट पिनेची आहे.

आपल्या बायका हातातल्या बांगडीत पिना अडकवून ठेवतात. पदर सुटेल, ब्लाऊजचा हूक तुटेल, पिशवीचा बंद जाईल, स्वतःचं नाहीतर दुसरीचं. मी शर्टपॅण्ट घालून कामावर जायची, पण बाहीच्या आत बांगडी होती आणि बांगडीत पिना होत्या. एका सकाळी हॉलमध्ये घंटा वाजली. सगळी यंत्रं बंद. रोझा मधोमध उभी, तळहातावर एक सेफ्टी पिन, आणि सगळ्यांचे चेहरे पांढरे. कारण पॅराशूटच्या हॉलमध्ये मालक नसलेलं लोखंड सापडणं याहून वाईट गोष्ट नसते. एखादी पिन घडीत दाबली गेली आणि उघडताना कापडाला लागली, तर फाटायला तेवढं पुरतं. मला यातलं तेव्हा काही नीट कळलं नव्हतं. मला वाटलं, बिचारीला माझी पिन सापडली. मी पुढे गेले, थँक्यू म्हटलं आणि घ्यायला हात पुढे केला.

त्या दिवशी शिवलेलं सगळं कापड दिव्याच्या टेबलावर पसरून परत तपासलं गेलं. माझ्याशी दुपारी जेवायला कोणी बसलं नाही. संध्याकाळी रोझाने मला बोलावून माझ्या बांगडीतल्या सगळ्या पिना टेबलावर काढून ठेवायला लावल्या. सात निघाल्या. "या कशाला?" म्हणाली. मी म्हटलं, कधी कोणाला लागेल सांगता येत नाही. नोकरी गेली असं मी धरून चालले होते. पण तिने ड्रॉवरमधून लाल नेलपॉलिश काढलं आणि सातही पिनांच्या डोक्यावर एकेक ठिपका दिला. दाराशी एक पत्र्याचा डबा ठेवला. सकाळी येताना सात पिना डब्यात टाकायच्या, जाताना सात घ्यायच्या, तिच्यासमोर मोजून. मी नोकरीत असेपर्यंत हा कार्यक्रम रोज चालला. पिना घरीच ठेव असंही ती सांगू शकत होती. नाही सांगितलं, म्हणून मी तिला मानते.

लोखंडाची ही भीती मोठमोठ्या माणसांनाही भोवायची. एकदा अंतराळात जाणारे चौघे हॉल बघायला आले. तसे ते अधूनमधून येत. ज्यांनी आपली छत्री शिवली त्यांचे हात हातात घेतले की बरं वाटत असावं. त्यातल्या एका उंच गृहस्थाला लहर आली, मलाही एक टीप घालू द्या. बाद कापडाच्या तुकड्यावर द्यायला हरकत नव्हती. त्याने पायाने असा काही जोर लावला की सुई मोडली. मोडलेल्या सुईचे सगळे तुकडे सापडल्याशिवाय नवी सुई मिळत नाही, हा नियम. सुईचं टोक सापडेना. मग अंतराळात जाणारा तो सहा फुटी माणूस आमच्याबरोबर टेबलांखाली गुडघ्यांवर रांगत टोक शोधत होता, आणि रोझा वरून सांगत होती, डावीकडे बघा, डावीकडे. टोक त्याच्याच बुटाच्या तळव्यात सापडलं. जाताना तो म्हणाला, आता मला तुमच्याबद्दल खात्री वाटते. स्वतःबद्दल काय वाटतं ते बोलला नाही.

माझ्या निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांनी हट्ट धरला, साडी नेसून ये. आमच्या हॉलमध्ये पद्धत होती की निवृत्त होणारीने हातात असलेल्या छत्रीची शेवटची टीप घालायची, मग उपाहारगृहात केक. मी मोरपंखी साडी नेसले. पिना लावाव्याच लागल्या. खांद्याला, निऱ्यांना, सगळीकडे मिळून सात, रोझाने दाराशी मोजून आत सोडलं. माझी टीप झाली, टाळ्या झाल्या, मी रडले. मग आम्ही दाराशी आलो आणि पिना मोजल्या. सहा भरल्या.

पुन्हा मोजल्या. सहाच. मी बायकांच्या खोलीत जाऊन साडी सोडली, झटकली, पुन्हा नेसले. हॉलची घंटा वाजली. केक तसाच राहिला. ज्या बायकांनी मला निरोप द्यायला पैसे काढून फुलं आणली होती त्या फुलं बाजूला ठेवून फरशीवर बसल्या. ती छत्री पुन्हा उलगडून हातभर हातभर चाचपली. पुढे घडी झाल्यावर क्ष-किरणांखालूनही गेली, पण ते मी निघाल्यावर. रोझाने फोन करून सांगितलं, "कापडात नाही. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

"मग कुठे आहे?"

"ते मला माहीत नाही. कापडात नाही, एवढं माहीत आहे."

रोझाला तेवढं पुरलं. मला पुरलं नाही. ह्यांनी गाडीच्या सीटा काढून पाहिल्या, नंतर आमच्या सामानाच्या पेट्या. आम्ही पांढुर्ण्याला आलो तरी माझ्या डोक्यातून ती पिन जाईना. क्ष-किरण चुकले तर? कोणी वाकडं धरलं असेल तर? हे चिडायचे. "एका पिनेनं काय होते? इतकी शिकलेली मानसं तपासून राहिली अन् तू इथं बसून मोजून राहिली." मी शनिवारी जामसांवलीला जाऊन मारुतीसमोर बसायची. काय मागायचं तेही धड कळायचं नाही. पिन सापडू दे म्हणावं तर कुठे सापडू दे? आणि ती साडी डोळ्यांसमोर नको म्हणून सौसरला गेले तेव्हा आईला देऊन टाकली. आई धाकट्या भावाकडे, प्रभाकरकडे असते. मी आता कायमची परत आले हे तिला पटतच नव्हतं. दर भेटीत निघताना एकच विचारायची, "परत कधी जाशीन?"

मग ती छत्री वर गेली. रोझाने कळवलं, तुझी शेवटची टीप गेली. चार माणसं कित्येक महिने अंतराळ स्थानकावर राहिली, आणि त्यांच्या उतरायची तारीख लागली. ती नेमकी त्याच दुपारची, ज्या दुपारी माझ्या भाचीला, प्रभाकरच्या रेणुकाला, पाहायला पांढुर्ण्याहून पाहुणे येणार होते.

मी प्रभाकरला म्हटलं, दिवस बदल. तो म्हणाला, "सुलुताई, पाहुन्याले काय सांगू? आमच्या बहिनीची चार मानसं वरून येऊन राहिली म्हनून?" सांगण्यासारखं नव्हतंच. तेव्हा ह्यांना घेऊन मी सौसरला गेले, प्रभाकरच्या स्वयंपाकघरात ओट्यावर, पोह्यांच्या परातीमागे मोबाईल उभा केला आणि एक डोळा तिकडे ठेवून कोथिंबीर चिरायला घेतली.

मुलाचे वडील देवरावजी संत्र्याचे व्यापारी. संत्र्यांची पेटीच घेऊन आले होते. मुलगा निखिल शाळेत शिक्षक, कमी बोलणारा. पेटी आत ठेवायला देवरावजी स्वतः स्वयंपाकघरापर्यंत आले आणि परातीमागे डोकावले.

"काय पाहून राहिल्या ताई?"

मी काही बोलायच्या आत प्रभाकरने अभिमानाने सगळं सांगून टाकलं. माझी बहीण म्हणजे काय समजता, तिच्या छत्रीनं मानसं खाली येऊन राहिली. आणि त्याने ते चित्र बैठकीतल्या मोठ्या टीव्हीवर लावलं. रेणुका आतल्या पडद्यामागे साडी सावरत उभी होती, तिच्याकडे कोणाचं लक्ष राहिलं नाही. मला खुर्ची दिली गेली. माझ्यावर समजावून सांगायची जबाबदारी पडली. मी सांगत राहिले, कारण गप्प राहिलं की पिन आठवायची.

मी सांगितलं की स्थानक पृथ्वीभोवती प्रचंड वेगाने फिरतं, आणि त्याच्यापासून सुटलेला हा माणसं बसलेला डबाही त्याच वेगाने फिरतो. आधी उलट्या दिशेने इंजिन चालवून थोडा वेग मारायचा. तेवढ्याने तो खाली झुकतो. मग हवेत शिरतो आणि हवाच त्याला अडवते. अडवताना एवढा ताप होतो की डब्याच्या बुडाला लावलेलं जाड कवच जळत जातं आणि जळता जळता ताप बाहेर टाकतं.

"भरताच्या वांग्यासारखं," प्रभाकर म्हणाला. "वरचं साल जळते."

देवरावजींनी मान हलवली नाही. "पन प्रभाकरभाऊ, भरतात आतलं शिजते ना."

"फरक तेवढाच आहे," मी म्हटलं. "इथे आतलं शिजू द्यायचं नाही."

आईने विचारलं, "मंग ती मानसं आत उभी राह्यते का बसते?"

"उताणी निजलेली असतात. वेग कमी होताना अंगावर एवढा भार येतो की बसलेल्या माणसाचं रक्त डोक्यातून पायात उतरेल. निजलं की तो भार छातीवर सारखा बसतो."

"आपल्या जामसांवलीच्या मारुतीसारखे," आई म्हणाली आणि तिथल्या तिथे तिने टीव्हीला हात जोडले. आमचा मारुती निजलेला आहे हे बाहेरच्या वाचकांना माहीत नसेल म्हणून सांगते. आईच्या हिशेबी आता त्या चौघांची काळजी मिटली होती.

देवरावजींची मिटली नव्हती. त्यांना मालाची काळजी. "ताई, पेटीत खाली तणीस टाकलं नाही तं संत्रा नागपूरपर्यंत टिकत नाही. तुमच्या डब्यात खाली काय टाकता?"

आमच्याकडे पेंढ्याला तणीस म्हणतात. मी सांगितलं, हा डबा पाण्यात पडतो, पाणीच गादी. शिवाय माणसांच्या आसनांना त्यांच्या अंगाच्या मापाची गादी असते. दुसरी एक कंपनी जमिनीवर उतरवते, ती शेवटी डब्याखाली हवेच्या पिशव्या फुगवते.

"ते झालं खरं तणीस," देवरावजी समाधानाने म्हणाले आणि पोह्यांकडे वळले.

तेवढ्यात टीव्हीवरचा आवाज थांबला. मी सांगितलं, आता काही मिनिटं त्यांच्याशी बोलणं होत नाही. तापलेली हवा भोवती अशी दाटते की आवाज आत-बाहेर जात नाही. प्रभाकरनेही काही उपमा दिली नाही. त्या शांततेत निखिल पहिल्यांदा बोलला.

"काकू, त्या चौघांच्या घरचे आत्ता कुठी बसले असतीन?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, एका खोलीत, एकत्र, असाच टीव्ही बघत. पडद्यामागे रेणुकाच्या बांगड्या वाजल्या, म्हणजे तिनेही ऐकलं होतं.

मग आवाज परत आला. चौघे ठीक होते. आधी दोन छोट्या छत्र्या सुटल्या, त्या फक्त डबा सरळ ठेवायला आणि वेग मारायला. त्या गेल्या आणि मोठ्या चार बाहेर पडल्या. तिकडे रात्र होती, त्यामुळे पडद्यावर सगळं राखाडी दिसत होतं, चार लांबट भोपळ्यांसारख्या मिटलेल्या छत्र्या.

"उघडल्या नाहीत का?" देवरावजींनी विचारलं.

"मुद्दाम. एकदम उघडल्या तर झटक्याने फाटतील. म्हणून घेराला एक दोरी ओवलेली असते, ती टप्प्याटप्प्याने तुटते. जशी आपल्या परकराची ना–" इथे मला आठवलं की आपण मुलगी दाखवायच्या बैठकीत आहोत. "पिशवीची नाडी. जशी पिशवीची नाडी असते."

आई टीव्हीच्या अगदी जवळ गेली होती. "उजवीकडची आपल्या सुलूची."

"आई, तसं नसतं. एकेका छत्रीत कितीतरी जणींचा हात असतो. आणि माझी टीप कोणत्या–"

"असू दे. उजवीकडची तुझी." आणि पाहुण्यांना, "ती उजवीकडची आमच्या सुलूची हो."

झालं. सगळे उजवीकडची बघायला लागले. एक छत्री फुलली. दुसरी फुलली. तिसरी फुलली. उजवीकडची तशीच लांबट, मिटलेली, दुसऱ्यांच्या आड लोंबत राहिली.

देवरावजींचा घास तोंडातच राहिला. प्रभाकर टीव्हीकडे न बघता माझ्याकडे बघत होता, आणि आमचे हे, ज्यांच्या मते एका पिनेनं काही होत नाही, ते अगदी हळू म्हणाले, "पिन?"

मला माहीत होतं की चारांतली एक उशिरा फुलणं नवं नाही. शेजारच्या छत्र्यांच्या आडोशाला सापडली की तिला हवा लागत नाही, मग थोड्या वेळाने लागते. तीन उघडल्या तरी माणसं सुखरूप उतरतात, तसंच गणित केलेलं असतं. हे सगळं माझ्या डोक्याला माहीत होतं. पण डोळ्यांसमोर फक्त एक लाल ठिपका होता. घडीत रुतलेली पिन, ताणलेलं कापड. मला वाटलं, मीच, माझ्याच हातांनी.

नेमक्या त्याच वेळी रेणुका चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. कोणी बोलावलं नव्हतं, पण आतून तिलाही राहवलं नसावं. टीव्हीकडे बघत बघत आली, पदर खांद्यावरून घसरला, ट्रे कलला. निखिलने उठून ट्रे धरला. आई वळली.

"अवं, पदर सांभाळ पोरी. थांब." आईने कमरेचा बटवा काढला, त्याच्या तोंडाला लावलेली पिन सोडवली आणि रेणुकाच्या खांद्याला लावायला घेतली. पिनेच्या डोक्यावर लाल ठिपका होता.

मी आईचं मनगट धरलं. "आई, ही कुठली?"

"ही? तू दिलेल्या मोरपंखी लुगड्यातली. खाली फॉल उसवला होता, त्याच्या आत जाऊन बसली होती. मस्त पिन आहे, गंजत नाही. तेव्हापासून वापरून राहिली मी." मग माझ्याकडे बघून, पाहुण्यांसमोर, "दुनियेचे पॅराशूट शिवते, अन् स्वतःचा फॉल उसवलेला."

मी हसायला लागले. थांबताच येईना. खुर्चीत बसून पोट धरून हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. खोलीतली बाकी सगळी माणसं त्या न उघडलेल्या छत्रीकडे बघत घाबरून उभी, आणि जिची छत्री ती हसून राहिली. प्रभाकरला वाटलं, हिचं डोकं फिरलं. तो पाणी आणायला धावला. तो पाणी घेऊन येईपर्यंत उजवीकडची छत्री एकदा थरथरली, आडोशातून बाहेर आली आणि बाकी तिघींसारखी फुलली.

"ताईले माहीत होतं," देवरावजी म्हणाले. त्यांनी घास गिळला. "हिले म्हनतात तजुर्बा. आपला जीव इथं अटकला अन् ताई हसून राहिल्या." ही माझी कीर्ती पांढुर्ण्याच्या मंडीत आता पक्की झाली आहे. मी ती दुरुस्त केलेली नाही. ब्लाऊजच्या बाबतीत गेलेली अब्रू कुठेतरी भरून निघायला हवी होती.

डबा पाण्यात उतरला. मोठा फवारा उडाला, छत्र्या शेजारी पाण्यावर आडव्या झाल्या. छोट्या होड्या धावल्या. आधी डब्यातून विषारी वायू गळतो का ते तपासतात, मग डबा मोठ्या जहाजावर उचलतात, मग दार उघडून एकेकाला आधार देऊन बाहेर काढतात, कारण इतक्या महिन्यांनी पायांना अंगाचं वजन नवं असतं. हे सगळं होईपर्यंत चहा थंड झाला होता. रेणुकाने परत टाकला. पाहण्याचा ठरलेला कार्यक्रम राहूनच गेला. तिला कोणी काही विचारलं नाही, आणि तिने सगळ्यांदेखत निखिलला विचारलं, "तुम्ही तो घरच्यांचा प्रश्न काहून विचारला?" तो म्हणाला, "माझा भाऊ ट्रक चालवते. आई अशीच बसून राह्यते." चार दिवसांनी दोन्हीकडून होकार झाला. देवरावजी सगळ्यांना सांगतात की हे लग्न छत्रीमुळे जमलं. मला वाटतं, त्या एका प्रश्नामुळे जमलं.

पाहुणे गेल्यावर मी रेणुकाच्या खांद्यावरच्या पिनेचा फोटो काढून रोझाला पाठवला. तिकडे अजून रात्र होती, पण आमच्या हॉलमधली कोणीही अशा रात्री झोपत नाही. रोझाचं उत्तर लगेच आलं. एकच शब्द, "सात." थोड्या वेळाने दुसरं आलं, "पिन परत पाठव. तुझ्या बाकी सहा अजून दाराशीच्या डब्यात आहेत, तिची जागा रिकामी आहे. आणि केकचे पैसे तुझ्याकडे बाकी आहेत."

मी ते आईला वाचून दाखवलं.

"कोन आहे वं ही बाई?"

"माझी साहेब होती, आई. तिने तेव्हा सगळी छत्री उलगडून ही पिन शोधली."

आईने रेणुकाच्या पदरातून पिन काढून घेतली, बटव्याला लावली आणि बटवा कमरेला खोचला. "तिले लिह, पिन घरी पोचली. आता कुठी जात नाही."

मी तसंच लिहिलं. संध्याकाळी आम्ही पांढुर्ण्याला निघालो तेव्हा आई दारापर्यंत आली, पेटीतली चार संत्री माझ्या पिशवीत टाकली, आणि परत कधी जाशीन हे त्या दिवशी तिने पहिल्यांदाच विचारलं नाही.